आजोबांचे गाव कोणाच्या अमलात होते?

नामपल्लीच्या मैदानावर दर जानेवारीत भरणारी नुमाइश हैदराबादकरांना ठाऊक आहे ती काश्मिरी शाली, लोणची आणि आकाशपाळण्यांसाठी. तिचा उगम मात्र जमाखर्चात आहे. उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांना निजामाच्या हैदराबाद संस्थानाची आर्थिक पाहणी करायची होती. त्यासाठी पैसा हवा म्हणून 1938 साली जवळच्याच बागे-आममध्ये त्यांनी पहिले प्रदर्शन भरवले. 1946 मध्ये ते आजच्या जागी आले. त्याच 1938 साली स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला आणि ‘वंदे मातरम्’साठी उस्मानियाच्या विद्यार्थ्यांनी शिक्षणावर पाणी सोडले. आपल्या कपाटात सत्याग्रहावरची पुस्तके पुष्कळ आहेत. शेतकऱ्याला किती पिकत होते आणि सावकाराचे किती देणे होते, हे सांगणारी मात्र शोधावी लागतात. मराठवाड्यात किंवा हैदराबादेत मुळे असलेल्या वाचकाला दोन्ही लागतील.

लढ्याची बाजू भक्कम आहे. स्वामी रामानंद तीर्थांचे इंग्रजी आत्मकथन 1967 मध्ये आले. हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांतला हा शिक्षक संस्थानभर संघटना कशी उभी करतो, हे त्यात दिसते. अनंत भालेरावांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्य संग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ ज्यांच्या घरात ‘रझाकारी’ आणि ‘पोलीस अ‍ॅक्शन’ हे शब्द अजून कानावर पडतात त्यांनी आधी वाचावा. 15 ऑगस्ट 1947 ते 17 सप्टेंबर 1948 या तेरा महिन्यांत कोण घर सोडून सरहद्दीवरच्या कॅम्पात गेला आणि का, याची संगती तिथे लागते. नरहर कुरुंदकरांचे ‘हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन’ घटनांच्या पुढे जाऊन कारणे तपासते. पलीकडची बाजू ऐकायची तयारी असेल, तर संस्थानाचे शेवटचे पंतप्रधान मीर लायक अलींचे ‘ट्रॅजेडी ऑफ हैदराबाद’ (1962) सोबत ठेवावे. एकाच घराच्या आठवणींत भीती आणि शेजार दोन्ही का असतात, हे मग उमगू लागते.

पण पूर्वज काही रोज लढत नव्हते. ते पेरत होते, सारा भरत होते, उर्दूत अर्ज लिहवून घेत होते. या आयुष्याकडे नेणारा मराठीतला जवळचा रस्ता म्हणजे सेतुमाधवराव पगडींचे ‘जीवनसेतू’. निलंग्यात 1910 साली जन्मलेला हा माणूस निजामाच्या मुलकी सेवेत शिरला आणि आदिलाबादकडे गोंडी शिकला. मराठी घरातून निघून उर्दूच्या कचेरीत वावरणाऱ्या पिढीचे जग त्यांच्या आठवणींत भेटते.

त्यापुढची पुस्तके रूक्ष आहेत, आणि तिथेच जास्त सापडते. 1909 चे हैदराबाद संस्थानाचे गॅझेटियर जिल्ह्यांची पिके, विणकाम, रस्ते, लोकसंख्या नोंदवते. केशव अय्यंगारांनी 1929-30 मध्ये केलेल्या आर्थिक पाहणीत खेड्यांतील शेती आणि कर्जे उतरली आहेत. सिराज-उल-हसन यांचा 1920 चा जातीजमातींवरचा ग्रंथ लग्नविधी, व्यवसाय, देवदैवते सांगतो; मात्र तो अधिकाऱ्याच्या नजरेतून लिहिलेला असल्याने प्रत्येक वाक्य पारखून घ्यावे.

ही पाने उघडण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर घरातून मिळवावे : आपले गाव खालसा होते, सर्फ-ए-खास होते की जहागिरीत? खालशाचा सारा सरकारी खजिन्यात जाई, सर्फ-ए-खासचा थेट निजामाच्या खासगीत, तर जहागिरीत वसुली जहागीरदाराच्या माणसांकडे. 1949 मध्ये जहागिऱ्या संपेपर्यंत दोन शेजारच्या गावांतल्या कुळांचे नशीब यावरून वेगळे असे. जुन्या सनदा आणि दाखल्यांवर फसली साल असेल, तर इसवी सन काढण्यासाठी त्यात साधारण 590 मिळवावेत. 1357 फसली म्हणजे 1947-48.

शहरात आलेल्या घराण्यांसाठी दोन पुस्तके मोलाची. हॅरिएट लिंटन आणि मोहिनी राजन यांचे ‘द डेज ऑफ द बिलव्हेड’ (1974) सहाव्या निजामाच्या काळातले हैदराबाद जुन्या माणसांच्या आठवणींतून उभे करते. कॅरन लेनर्ड या अमेरिकी अभ्यासिकेने 1978 मध्ये हैदराबादच्या कायस्थांचा इतिहास लिहिला. सोयरिकी आणि नोकऱ्या जुळवत पिढ्या कशा मांडाव्यात, याचा तो वस्तुपाठ आहे. दफ्तर-ए-मालचे कायस्थ आणि दफ्तर-ए-दिवाणीचे मराठी ब्राह्मण राय रायन घराणे यांच्याकडे महसुलाची दफ्तरे कशी वाटली गेली होती, हेही लेनर्ड यांच्या लेखनातून कळते.

अमेरिकेत वंशावळ शोधणारे लोक अशाच पुस्तकांकडे वळतात. लॉरेल थॅचर उलरिक यांनी मेन प्रांतातल्या मार्था बॅलर्ड या सुइणीच्या 1785 ते 1812 च्या रोजनिशीवर ‘अ मिडवाइफ्स टेल’ लिहिले. 1991 मध्ये त्याला पुलित्झर मिळाले. बाळंतपणे, विणकाम आणि उधारी यांच्याच नोंदी त्या रोजनिशीत होत्या. आपल्याकडे तेलंगणातील सशस्त्र लढ्यातल्या बायकांच्या तोंडी आठवणींचे ‘वुई वेअर मेकिंग हिस्टरी’ (1989) हे पुस्तक त्या वाटेने गेले.

कुलवृत्तांतात पूर्वजांची नावे मिळतात आणि मुक्तिसंग्रामाच्या ग्रंथांत त्यांचे शौर्य. त्यांचा संसार मात्र साऱ्याच्या पावत्यांत आणि पाहण्यांच्या कोष्टकांत विखुरला आहे. 1948 साली शाळेत जाणारी मुले आता नव्वदीकडे झुकली आहेत. यंदाच्या फराळाला त्यांच्याजवळ बसून गावाचा अंमल, पिके आणि देणी विचारून टिपून घ्यावीत. पुढचा ग्रंथकार नेमक्या त्याच नोंदी शोधत येणार आहे.