शीट फिल्म पार्सलने धुवायला पाठवताय? आधी हे वाचा

लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्यावर पोर्ट्रेट काढून देण्याचा छोटा व्यवसाय सुरू करायचाय, पण शीट फिल्म धुणारी लॅब आपल्या गावात नाही. मग काम अडतं का? नाही. नागपुरातून पार्सल करून बाहेरच्या लॅबकडून फिल्म धुवून घेता येते.

ही पद्धत जुनीच आहे. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनने २५ डॉलरला कोडॅक कॅमेरा विकायला काढला, आत १०० फोटोंची फिल्म भरूनच. फिल्म संपली की ग्राहक अख्खा कॅमेरा कंपनीकडे पाठवायचा. १० डॉलरमध्ये फोटो मिळायचे आणि नवी फिल्म भरलेला कॅमेरा परत यायचा. ग्राहकाची कटकट कमी केली, तिथेच धंदा उभा राहिला.

आता आपलं काम, टप्प्याटप्प्याने.

१. आधी लॅबला विचारा. ४×५ इंची शीट धुता का? ब्लॅक अँड व्हाइट, कलर निगेटिव्ह की स्लाइड? तिन्हींची प्रक्रिया वेगळी असते. दर शीटमागे किती? उत्तर लेखी घ्या.

२. पॅकिंग पूर्ण अंधारात. शीट काळ्या पिशवीत, पिशवी फिल्मच्याच रिकाम्या, एकात एक बसणाऱ्या झाकणांच्या डब्यात. शीटला चिकटपट्टी लावू नका. डब्याच्या चारही कडा टेपने बंद करा. वर ठळक लिहा: ‘फक्त अंधारात उघडा’. शीटची संख्या, फिल्मचं नाव, कोणत्या आयएसओवर काढली, हेही लिहा. वेगळ्या प्रक्रियेची फिल्म वेगळ्या डब्यात.

३. बाहेरचा खोका काउंटरवर बंद करा. बुकिंगवाला आत काय आहे विचारणारच. खोका उघडा न्या, आतला सीलबंद डबा दाखवा, सोबत एक वाया गेलेली शीट नमुना म्हणून ठेवा. समजावलं की तो डबा उघडायचा आग्रह सहसा धरत नाही. शक्य तिथे जमिनीवरून जाणारी सेवा घ्या. विमानाच्या मालाला एक्स-रेतून जावं लागू शकतं.

४. ऊन सांभाळा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि उष्णतेने फिल्म खराब होते. पार्सल सोमवारी सकाळी द्या, म्हणजे रविवारी गोदामात पडून राहणार नाही.

५. सगळं एकाच पार्सलमध्ये कधीच नाही. प्रत्येक फोटोच्या दोन शीट काढा. पहिली पाठवा, ती नीट परत आली की दुसरी. पार्सल हरवलं तर विम्यातून फार तर फिल्मचे पैसे येतील. पण आजोबांच्या पंचाहत्तरीचा तो दिवस कुठून आणणार?

आता हिशेब. समजा फिल्म ३०० रुपये शीट, धुलाई ३००. दोन शीटचे १२००. दोन पार्सलचं जाणं-येणं ८००. झाले २०००, आणि तुमची मेहनत यात धरलेलीच नाही. (आकडे उदाहरणाचे, स्वतःचे दर टाका.) ‘एकच तर फोटो आहे’ म्हणून १५०० सांगितले, तर प्रत्येक ऑर्डरला खिशातून ५०० गेले ना भाऊ!

म्हणून ऑर्डर घेण्याआधी घरच्या माणसाचा फोटो काढा, दोन शीट पाठवा, किती दिवस आणि किती पैसे लागले ते वहीत लिहा. ग्राहकाला तारीख द्यायची ती त्या वहीत बघूनच. तुमचा हिशेब किती आला, व्हिडिओखाली नक्की लिहा!