माहेरीं निघालेली मासळी

खापा हें नागपूर जिल्ह्यांतील, कन्हान नदीच्या कांठचें, हातमागाची जुनी परंपरा सांगणारें गांव. अशा गांवांतील, मत्स्याहार वर्ज्य असलेल्या घरांत, स्कॉटलंडला जाऊन सॅमन मासा गळाला लावण्याचा बेत शिजावा, हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु तिकडे राहाणाऱ्या आमच्या भाच्याचें निमंत्रण आलें, आणि महिनाभर आमच्या माजघरांत दुसरा विषय उरला नाहीं.

प्रथम कामांची वांटणी झाली. स्थळ ठरलें टे नदी. तेथील हंगाम १५ जानेवारी ते १५ ऑक्टोबर. नदीच्या प्रत्येक टप्प्यावरील मासेमारीचा हक्क कोणा ना कोणाच्या मालकीचा असल्यामुळें परवाना आगाऊ घ्यावा लागतो. रविवारीं सॅमन धरण्यास तेथें कायद्यानें बंदी आहे. "म्हणजे माशांनाहि एकादशीची सुटी आहे म्हणायची!" असें वहिनी म्हणाल्या. थंड पाण्यांत कमरेपर्यंत उभें राहावयाचें, म्हणून रबरी विजारी व लोकरीचे मोजे यांची यादी झाली.

मुलांना मोठें कौतुक गळावरच्या कृत्रिम माशीचें. तिला खाद्य मुळींच नसतें; गळावर रेशीम, केंस व पिसें गुंडाळून ती बनवितात. जुन्या नमुन्यांत तर आपल्या भारतांतील राखी रानकोंबड्याच्या मानेचें पीस मानानें मिरवत असे. हा खेळ पुरुषांचाच काय, असें मुलींनीं विचारतांच भाच्यानें कळविलें कीं, टे नदींतच १९२२ सालीं मिस जॉर्जिना बॅलंटाइन यांनीं ६४ पौंडांचा सॅमन धरला, आणि ब्रिटनमधील तो विक्रम अद्यापि अबाधित आहे.

सर्व सिद्धता होत आली, तोंच आजीनें विचारलें, "खायचा नाहीं, तर धरायचा कशाला रे?"

उत्तर शोधावयास आम्ही पुस्तकें उघडलीं. सॅमन जन्मतो थंड नदीच्या वाळूखड्यांत, वाढतो समुद्रांत, आणि एकदोन वर्षांनीं, गंधाच्या खुणेनें आपलीच नदी ओळखून, अंडीं घालण्यास परततो. नदींत शिरल्यावर तो अन्न घेत नाहीं. अंगच्या चरबीवर प्रवाह चढतो. मग माशीवर झेप कां घेतो, याविषयीं जाणत्यांतहि मतभेद आहेत.

हें वाचून दाखविलें, तों वहिनी गंभीर झाल्या. "म्हणजे बाळंतपणाला माहेरीं निघालेली लेक ही. तिला वाटेंत अडवायचें?"

धाकट्या बंधूंनीं दुसरी बाजू मांडली. धरलेला मासा पुष्कळजण सोडून देतात. १ एप्रिलपूर्वीं तर सोडणें कायद्यानें भागच आहे. परवान्यांच्या पैशावर नदीची राखणहि होते. मुद्दा खरा होता. परंतु हा मासा इतका घटला कीं, २०२३ सालीं जागतिक सूचींत त्याची नोंद संकटाच्या उंबरठ्यावरील जातींत झाली. उपाशी, थकलेल्या जिवाला केवळ आपल्या करमणुकीसाठीं झुंजविणें आमच्या मनास पटेना.

बेत मोडला नाहीं, फिरविला. टेच्या खोऱ्यांत पिट्लॉक्री येथें टमेल नदीवर विजेसाठीं धरण बांधलें. तें १९५१ सालीं खुलें झालें. माशांची वाट अडूं नये म्हणून त्याच्या कडेला चौतीस कुंडांची पायरीवजा वाट केलेली आहे. ती चढून जाणारी मासळी पाहावयास आम्ही सहकुटुंब जाणार आहों. आणि परत आल्यावर, कन्हानच्या मासळीला वर जावयास वाट कोठें आहे, हेंहि पाहाणार आहों.

धाकटे बंधू मात्र रोज सायंकाळीं नदीकांठच्या गवतावर, दोरीच्या टोंकाला लोकरीचा गोंडा बांधून फेकीचा सराव करतात. आजी म्हणते, "आतां खुशाल खेळ. कोणाला लागत नाहीं."