धारपांची आजी आणि उसनी भीती

आज आपण नारायण धारपांबद्दल बोलणार आहोत. तुमच्यापैकी काहींनी धारपांची पुस्तकं वाचनालयातून आणून रात्री दिवा न मालवता वाचली असतील. काही जण इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळूर अशा ठिकाणी वाढले असतील आणि त्यांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं असेल ते २०१८ साली, 'तुंबाड' या हिंदी चित्रपटामुळे. त्या चित्रपटाचं मूळ धारपांच्या एका गोष्टीत आहे, असं तेव्हा सगळीकडे सांगितलं गेलं. लोक धारप शोधायला लागले आणि शोधता शोधता त्यांना आणखी एक गोष्ट कळली. धारपांच्या त्या गोष्टीचं मूळ स्टीफन किंगच्या कथेत आहे.

इथून दोन तट पडतात. एक म्हणतो, "धारप म्हणजे मराठीतले स्टीफन किंग." दुसरा म्हणतो, "छे, सगळी उचलेगिरी." ही दोन्ही वाक्यं बोलायला सोपी आहेत, पण त्यांतून धारप कळत नाहीत. म्हणून आज आपण ही उसनवारी नीट उलगडून पाहू.

आधी माणूस कोण ते पाहू. धारपांचा जन्म १९२५ सालचा आणि मृत्यू २००८ सालचा. शिक्षण विज्ञान शाखेचं. नावावर शंभरहून जास्त पुस्तकं. त्यांत 'चेटकीण', 'लुचाई', 'शपथ', 'चंद्राची सावली' अशा भयकथा-कादंबऱ्या आहेत, 'नेनचिम'सारखी विज्ञानकादंबरी आहे आणि अघोरी शक्तींशी लढणाऱ्या 'समर्थ' या नायकाची मालिकाही आहे. समीक्षकांनी या लेखनाची फारशी दखल घेतली नाही. ते टिकलं ते वाचनालयांमुळे आणि एकाने दुसऱ्याला "हे वाच" म्हणून हातात दिल्यामुळे.

आता ती गोष्ट. किंगची 'ग्रॅमा' ही कथा १९८४ साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वर्षी 'स्केलेटन क्रू' या संग्रहात आली. कथेत अकरा वर्षांचा एक मुलगा आहे. मोठ्या भावाचा पाय मोडतो आणि आईला तातडीने हॉस्पिटलात जावं लागतं. घरी अंथरुणाला खिळलेली आजी आहे. तिच्याजवळ थांबायला हाच उरतो. दुपार कलते, घरात आवाज नाही, आणि मग आजीचा श्वास थांबतो. पुढे काय होतं ते सांगत नाही, वाचणाऱ्याची मजा जाईल.

धारपांच्या गोष्टीचं नाव 'आजी'. नुसतं नाव बदललं तरी किती फरक पडतो पाहा. मराठी मुलाला गोष्टी सांगते आजी, भात कालवून भरवते आजी, आई रागावली की पाठीशी घालते आजी. घरातली सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे आजीची कूस. भीतीची सुरुवातच तिथून झाली, तर मुलाने पळून जायचं कुणाकडे? शिवाय जुन्या मोठ्या घरांत मागच्या अंधाऱ्या खोलीत अंथरुणावर पडून असलेलं एखादं म्हातारं माणूस, औषधांचा वास, आणि "जरा जवळ बस, मी आलेच" असं सांगून निघून गेलेली आई, हे अनेकांनी लहानपणी अनुभवलेलं असतं. तिथे बसायची भीती वाटते, आणि आपल्याला आपल्याच माणसाची भीती वाटते याची लाजही वाटते. ही लाज कुणाला सांगता येत नाही. भयकथा नेमकी तिथे बोट ठेवते.

म्हणजे सांगाडा उसना आणता येतो. पण वाचकाच्या मनात जी भीती आधीपासून दडून असते, ती कुठल्या परदेशी पुस्तकातून आणता येत नाही. ती लेखकाला आपल्या घरातच शोधावी लागते. धारपांची 'लुचाई' किंगच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली मानली जाते आणि 'शपथ' त्याच्या 'इट'वर. आता 'सालेम्स लॉट'मध्ये पिशाच क्रुसाला घाबरतं, आणि त्याच्याशी लढणाऱ्यांत एक पाद्री असतो. मराठी वाचकाला हे कळतं, पण त्याच्या अंगावर काटा येत नाही. त्याच्या घरात देवघर आहे, अंगारा आहे, तिन्हीसांजेचा दिवा आहे. अंधाराविरुद्ध काय उभं करायचं, हा प्रश्न मराठी लेखकाला नव्याने सोडवावा लागतो. त्यात ढिलाई झाली तर वाचक चौथ्या पानावर पुस्तक मिटतो. धारपांचा वाचक पुस्तक मिटत नव्हता.

आता उसनवारीची साखळी जरा मागे नेऊ. 'तुंबाड'मधला हस्तर आठवतो? 'ग्रॅमा'मध्ये 'हस्तूर' हे नाव येतं. ते किंगचं स्वतःचं नाही. अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाने १८९१ साली ते एका कथेत वापरलं होतं, आणि तिथे हस्तूर हा मेंढपाळांचा दयाळू देव आहे. १८९५ साली रॉबर्ट चेंबर्सने ते नाव आपल्या गूढकथांत घेतलं. मग लव्हक्राफ्टने त्याचा ओझरता उल्लेख केला, आणि ऑगस्ट डर्लेथने त्या नावाचा एक भयंकर देव करून टाकला. तिथून ते किंगकडे आलं. या साखळीतल्या प्रत्येकाने आधीच्याकडून घेतलं आणि त्यात स्वतःची भर घातली.

भारतात तर ही साखळी आणखी मजेशीर वळण घेते. 'तुंबाड'चे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी धारपांची गोष्ट आधी ऐकली. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने ती सांगितली. चित्रपटाचा पहिला खर्डा १९९७चा आणि चित्रपट पडद्यावर आला २०१८ साली. नाव घेतलं श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून. तोवर मेंढपाळांच्या त्या दयाळू देवाचा कोकणातल्या पावसात एक हावरा देव झाला होता. सोनं त्याच्याकडे आहे, पण धान्य त्याला मिळत नाही. अमेरिकेतल्या एकट्या मुलाची भीती इथे घराण्याच्या लोभाची गोष्ट बनली.

मग याला चोरी म्हणायचं का? आपल्याकडे रूपांतराची परंपरा जुनी आहे. देवलांचं 'संशयकल्लोळ' हे मोलिएरच्या फ्रेंच नाटकावरून इंग्रजीत आणि तिथून मराठीत आलं. आज फाल्गुनराव कुणाला परका वाटतो? पु. लं.ची 'ती फुलराणी' शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून आली, आणि हे कुणी लपवलं नाही. कायदाही इथे एक भेद करतो. 'हम हिंदुस्तानी' हे नाटक आणि 'न्यू देल्ही' हा चित्रपट यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली सांगितलं की, कल्पनेवर कुणाची मालकी नसते, मालकी असते ती मांडणीवर. अर्थात, हयात लेखकाच्या पुस्तकाचं रूपांतर करायचं तर त्याची परवानगी लागते, हेही तितकंच खरं.

कायद्याच्या पलीकडे एक साधा व्यवहार आहे. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव सांगावं. धारपांची पुस्तकं आता पुन्हा छापली जात आहेत. ज्या पुस्तकांना परदेशी आधार आहे, त्यांच्या पहिल्याच पानावर मूळ कथेचं आणि लेखकाचं नाव ठळक असावं. यात धारपांचं काही कमी होणार नाही. उलट नाव नसेल तरच नुकसान आहे. आजचा विशीतला वाचक इंग्रजी सहज वाचतो. मूळ त्याला स्वतःहून सापडलं तर त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि मग धारपांची स्वतःची पुस्तकंही तो बाजूला सारतो. आधीच सांगितलं तर तोच वाचक दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचेल आणि मराठी लेखकाने काय बदललं ते शोधेल.

तुम्हीही हे करून पाहा. आधी 'आजी' वाचा, मग 'ग्रॅमा'. एकेक प्रसंग लावून बघा. कुठे गोष्ट जशीच्या तशी आली आहे, कुठे ती आपल्या घरची झाली आहे, याची खूण करा. वाचताना ज्या जागी तुम्हाला मागे वळून दाराकडे बघावंसं वाटलं, ती जागा कुणाची होती, किंगची की धारपांची, ते मला जरूर कळवा.