गोल्फ क्लबचं सदस्यत्व घेताय? आधी टी-टाइम विचारा

नवा माणूस प्रवेश शुल्क विचारतो, क्लबहाउस बघतो आणि भारावून जातो. माझ्या मते आधी विचारावं ते हे, की रविवारी सकाळी टी-टाइम, म्हणजे फेरी सुरू करायची वेळ, मिळतो का? १८ होलची फेरी म्हणजे सहज चार तास, जाणं-येणं वेगळं. चेंबूर किंवा येरवड्याचा कोर्स शहरातच आहे, पण नोकरदाराच्या हाती उरतात शनिवार-रविवार, आणि तेव्हाच सगळ्यांची झुंबड. त्यात आपला पावसाळा! म्हणून वर्षाची वर्गणी, प्रवेश शुल्काचा वाटा आणि जीएसटी यांची बेरीज खरोखर खेळून होतील तेवढ्या फेऱ्यांनी भागा. उत्तर पाहुण्यांच्या ग्रीन फीपेक्षा जास्त आलं, तर घाई कशाला?

‘पण क्लबशिवाय हँडिकॅप कसा मिळणार?’ रास्त प्रश्न. मात्र २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत खेळाच्या पातळीचा हा आकडा मिळायला ५४ होलचे स्कोअर लागतात. चेंडू धड उडतही नसताना ते आणणार कुठून? तोवर ड्रायव्हिंग रेंज आणि एक सात नंबरची आयर्न पुरे. नियमाने बॅगेत १४ काठ्या चालतात, म्हणून पहिल्याच महिन्यात सगळ्या घ्यायच्या नसतात. प्रतीक्षायादीची धास्ती असेल तर नाव जरूर नोंदवा, फक्त अनामत परत मिळते का, हे लेखी घ्या.