प्रबंध घरातला आणि विद्यापीठातला

"काय गो, तुझा प्रबंध झाला का?"

सासूबाई हा प्रश्न पहिल्यांदा विचारत्या झाल्या तेव्हा मी पोळ्या लाटत होते. त्यांना माहीत असलेला प्रबंध म्हणजे लग्नकार्यातला, पाहुण्यांच्या जेवणाखाण्याचा. मी म्हटलं, "अजून सुरूच कुठे झालाय आई!" त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "मग आधी डब्यांचा कर."

पुढची सात वर्षं दोन्ही प्रबंध एकाच ओट्यावर चालले.

मी खालापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. एम.ए. शिक्षणशास्त्र मी लग्नानंतर, मुलगी लहान असताना केलं. पीएच.डी. हा शब्द तेव्हा स्वप्नातही नव्हता. तो शिरला हजेरीपटातून. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की आमच्या वर्गात जागोजागी भोकं पडायची. कातकरी वाडीवरची मुलं आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेली असायची. ती उगवायची थेट पावसाच्या तोंडावर. पटावर नाव असे, बाकावर मूल नसे. पावसाळ्यात परतलेलं मूल जोडाक्षरं विसरलेलं असायचं, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. दरवर्षी तेच. एकदा वैतागून मी नवऱ्याला म्हणाले, "ही मुलं तिकडे सहा महिने करतात काय, हे कुणी बघितलंय का?" ते म्हणाले, "तू बघ की!" इतक्या सहज म्हणाले, की मी रात्रभर जागी राहिले.

पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण हवेत (आरक्षित प्रवर्गाला ५ टक्के सवलत), ते माझ्याकडे होते. मग प्रवेश परीक्षा. निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर, निम्मे विषयावर. २०१६ साली मी ती आपटले. नमुना निवड, गृहीतक, सहसंबंध हे शब्द वाचून बरीच वर्षं झाली होती. घरी कुणाला निकाल सांगितला नाही, पण पुढच्या वर्षासाठी वही मात्र केली. खोपोलीहून कर्जतपर्यंतच्या गाडीत ती वही उघडायची आणि पळसदरी गेलं की मिटायची. २०१७ साली पास झाले.

मुलाखतीत माझा विषय होता, 'रायगड जिल्ह्यातील आदिवासी शिक्षणाच्या समस्या'. समितीतल्या एका बाईंनी चष्मा काढून विचारलं, "हा विषय आहे की ग्रंथालय?" सगळे हसले. मीही हसले, पण कान लाल झाले. मग त्यांनीच विचारलं, "तुम्हाला नेमकं काय छळतंय?" मी वर्गातल्या भोकांबद्दल बोलले. त्या म्हणाल्या, "हा घ्या तुमचा विषय." मैत्रिणींनो, कुणी पीएच.डी.चा विषय कसा निवडायचा असं विचारलं, की मी हाच प्रश्न पुढे करते. छळणारी गोष्ट हाताशी असली की विषय आपोआप लहान होतो, आणि लहान विषयच तडीला जातो.

नोकरी करत असल्याने ना हरकत प्रमाणपत्र हवं होतं. एका कार्यालयात ते कित्येक महिने पडून राहिलं. टेबलामागच्या गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, पहिली-दुसरीला शिकवायला पीएच.डी. कशाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. प्रमाणपत्र मिळालं, प्रश्न राहिला.

याच प्रश्नाने मला चित्रा नाईकांकडे नेलं. १९१८ साली पुण्यात जन्मलेल्या चित्राताईंनी शिक्षणशास्त्रात मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. घेतली, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पुढचा अभ्यास केला आणि राज्याच्या शिक्षण संचालकपदापर्यंत, पुढे नियोजन आयोगापर्यंत पोचल्या. पण मला भावलं ते वेगळंच. जे. पी. नाईकांनी १९४८ साली स्थापन केलेल्या भारतीय शिक्षण संस्थेतून त्यांनी दिवसभर राबणाऱ्या मुलांसाठी अनौपचारिक शिक्षणाचे वर्ग उभे केले. मुलाला शाळेची वेळ जमत नसेल, तर शाळेने मुलाची वेळ बघावी. एवढं शिकलेली बाई गुरं राखणाऱ्या पोरीचं वेळापत्रक बघते, म्हणजे पहिली-दुसरीसाठी पीएच.डी. लागतेच की!

कोर्सवर्क मी सुट्ट्यांत, रजा टाकून केलं. संख्याशास्त्राशी माझं हाडवैर. तेव्हा बारावीत असलेली माझी लेक माझी मास्तरीण झाली. "आई, सरासरी काढण्याआधी आकडे नीट मांड ना!" असं ती माझ्यावर ओरडायची, अगदी मी तिच्यावर ओरडायचे तशी.

खरी शाळा भरली भट्टीवर. मी सुबक छापील प्रश्नावली घेऊन गेले होते. 'आपल्या पाल्याच्या शिक्षणात कोणते अडथळे येतात?' समोरची बाई चिखलाचा गोळा साच्यात मारत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "बाई, शाळा एका जागी बसते. आमची पोरं चालतात." मी प्रश्नावली पिशवीत घातली आणि मातीत बसले. त्या दिवसापासून मी फक्त ऐकलं.

ऐकता ऐकता कळत गेलं. पावसाळ्यात हाताला काम नसतं, तेव्हा घरात धान्यासाठी मुकादमाकडून उचल घेतली जाते. ती फिटायची तर नवराबायको दोघांनी हंगामभर विटा पाडायच्या. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने. आई पहाटे कामाला लागली की धाकट्याला सांभाळायला थोरली हवी, म्हणजे थोरलीची शाळा सुटली. यात 'पालकांची अनास्था' कुठे होती? तो शब्द माझ्या आराखड्यात मी स्वतःच्या हाताने लिहिला होता. तो खोडताना लाज वाटली. आणि माझ्या वर्गात शंभरापुढे अडखळणारा एक मुलगा तिथे वाळत घातलेल्या विटांच्या रांगा बघून हजाराचा हिशेब बापाच्या आधी सांगत होता! माझ्या पटावर त्या दिवशी त्याच्यापुढे 'गैरहजर' होतं.

कागदावर सोय होती. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. मुलाला वयानुरूप वर्गात, वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यावा लागतो. स्थलांतर करणाऱ्यांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. माझ्या प्रबंधाचा गाभा एवढाच, की हे कार्ड मुलाच्या हातात पोचतं का, आणि भट्टीजवळची शाळा ते बघून दार उघडते का. मी ज्या मुलांच्या मागे फिरले, त्यांतल्या बहुतेकांची वाट या दोन टोकांच्या मध्येच कुठेतरी बुजलेली होती.

मग २०२० आलं. शाळा बंद, गाड्या बंद, भट्ट्या बंद. पुढे सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. दोन वर्षं प्रबंधाच्या फायलीवर औषधांच्या चिठ्ठ्या साचल्या. २०२३ साली मार्गदर्शक मॅडमचा फोन आला, "तुमची सहा वर्षं संपत आलीत." मी म्हटलं, "मॅडम, सोडून देते." पलीकडे शांतता. मग म्हणाल्या, "नियम वाचलाय का?"

नव्हता वाचला! विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६च्या नियमांत स्त्रियांना कमाल मुदतीवर दोन वर्षं जास्तीची देता येतात आणि संपूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते. दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल देणारी मी, आपल्याच सोयीचं कलम वाचलेलं नव्हतं. घर सांभाळताना जातो तो वेळ कुणीतरी नियमात मोजून ठेवला होता, हे वाचून मला रडू आलं. अर्ज केला, मुदत मिळाली.

त्याच जुलैत, १९ तारखेच्या रात्री, आमच्या तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्यानंतर कितीतरी दिवस मला 'स्थलांतर' हा शब्द लिहवेना. शेवटी मॅडम म्हणाल्या, "लिहा. तुम्ही नाही लिहिलं तर कोण लिहिणार?"

२०२४ साली प्रबंध सादर केला, आणि वर्ष सरता सरता तोंडी परीक्षा झाली. मागच्या रांगेत नवरा, लेक आणि काठी टेकत आलेल्या सासूबाई. बाहेरच्या परीक्षकांनी शेवटी विचारलं, "यातून तुमच्या शाळेत काय बदललं?"

मी खरं ते सांगितलं. "फार नाही, सर. दिवाळीआधी मी प्रत्येक मुलाच्या हातात कार्ड देते. पालकांकडून भट्टीचं गाव विचारून तिथल्या शाळेला स्वतः फोन करते. गेल्या हंगामात दोन मुलं तिकडच्या वर्गात बसली. बाकीची नाही बसली." सर थोडं थांबून म्हणाले, "हे शेवटच्या प्रकरणात का नाही?" मी ते त्या आठवड्यात घातलं.

तुमच्यापैकी कुणाच्या मनात असेल, तर चार गोष्टी सांगते. पीएच.डी.ला वयाची अट नाही. आता २०२२चे नियम लागू आहेत. त्यांत नोकरी करून अर्धवेळ पीएच.डी. करता येते, कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि स्त्रियांची जास्तीची दोन वर्षं कायम आहेत. २०२४ पासून 'नेट'च्या गुणांवरही प्रवेश मिळतो. काही विद्यापीठं स्वतःची परीक्षा घेतात, म्हणून जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्तींची चौकशी करा. 'शोधगंगा'वर देशभरचे प्रबंध फुकट वाचता येतात. आपल्या विषयावरचे दहा वाचा, मगच लिहायला बसा. आणि पैसे घेऊन प्रबंध लिहून देणारे भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठवा.

तोंडी परीक्षा संपवून आम्ही खोपोलीच्या गाडीत बसलो. सासूबाईंनी जाडजूड प्रबंध मांडीवर घेतला, हात फिरवला आणि विचारलं, "त्या भट्टीवरच्या बाईने काय सांगितलं ते आहे का यात?"

"आहे आई. पहिल्याच पानावर."

"मग झाला तुझा प्रबंध," त्या म्हणाल्या. "आता रात्रीच्या जेवणाचा मी बघते."