वीज तारेला शिवलीच नाही, तरी!

कडाड्! वीज चमकली आणि घरातली लाइट गेली! तुला वाटलं ना, वीज तारेवरच पडली? पण गंमत ऐक. पुष्कळदा ती पडते लांब माळावर, नाहीतर एखाद्या झाडावर. तारेला शिवतसुद्धा नाही. तरी तारेला दणका बसतो!

असं कसं? वहीच्या पानावर टाचणी ठेव आणि पानाखालून चुंबक फिरव. पळाली ना टाचणी? चुंबक तर तिला लागलाही नाही! विजेभोवतीही असाच न दिसणारा जोर पसरलेला असतो. वीज कोसळताना तो इतका झटकन बदलतो, की लांबच्या तारेतही क्षणभर भरमसाट व्होल्ट तयार होतात.

भरमसाट म्हणजे किती? मोजायला हवं! पण वीज काय सांगून पडते? मग शास्त्रज्ञांनी काय केलं, ओळख बघू. त्यांनी विजेलाच बोलावून घेतलं!

अमेरिकेत फ्लोरिडामध्ये कॅम्प ब्लँडिंग नावाची जागा आहे. तिथे ढग दाटून आले की शास्त्रज्ञ एक छोटंसं रॉकेट उडवायचे. जेमतेम मीटरभर उंचीचं! त्याच्या मागे उलगडत जायची तांब्याची बारीक तार. तिचं खालचं टोक जमिनीला जोडलेलं. रॉकेट काहीशे मीटर वर गेलं, की... धडाम्! वीज त्या तारेवरून खाली! तारेची क्षणात वाफ! आणि तांब्यामुळे विजेचा तो सरळसोट पट्टा चक्क हिरवट दिसायचा!

१९९३ साली तिथे खास प्रयोगासाठी खांब रोवून तारा ओढल्या होत्या. रॉकेटपासून तब्बल १४५ मीटर लांब! तारेतले भरमसाट व्होल्ट थेट यंत्राला दिले तर यंत्रच जळायचं. म्हणून त्यांचा ठरावीक, अगदी छोटासा हिस्साच मोजायचा आणि त्यावरून पूर्ण आकडा काढायचा. घाईही केवढी! एका सेकंदाचे १० लाख तुकडे कर. त्यातल्या मोजक्याच तुकड्यांत सगळा खेळ खलास!

आकडे निघाले ८ हजारांपासून १ लाख व्होल्टपर्यंत. आपल्या घरात असतात फक्त २३०!

आणि हे तर भारीच! कागदावरच्या हिशेबापेक्षा मोजलेले व्होल्ट दीडपटीहूनही जास्त भरले! यंत्र बिघडलं होतं? छे! हिशेबात धरलं होतं, की जमिनीतून वीज बिनबोभाट वाहते. पण तिथली जमीन वाळूची. वाळूतून वीज नीट वाहत नाही, आणि अशा जमिनीवरच्या तारेत व्होल्ट आणखी चढतात. घोळ घातला होता पायाखालच्या वाळूने!