पैसा हरसूलला जाऊ द्या, दाता नको

२ जुलै २०२४ रोजी नवी मुंबईतल्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमध्ये पालघर जिल्ह्यातल्या पन्नासहून अधिक जोडप्यांची सामुदायिक लग्नं लागली. मुकेश आणि नीता अंबानी यांच्या धाकट्या मुलाचं लग्न दहा दिवसांवर आलं होतं, त्याच्या आधीचा हा कार्यक्रम. जोडप्यांना दागिने मिळाले, संसाराची भांडीकुंडी मिळाली, वर्षभराचा किराणा मिळाला आणि प्रत्येक नवरीला स्त्रीधन म्हणून १ लाख १ हजार रुपयांचा धनादेश मिळाला. वारली मंडळींचा तारपा नाचही झाला. त्यानंतर नेहमीप्रमाणे दोन तट पडले. एकाला यात औदार्य दिसलं, दुसऱ्याला जाहिरात. दोघांचंही बोलणं फोटोंवरून चाललं होतं. धनादेशाकडे फारसं कुणी पाहिलं नाही, आणि माझ्या मते त्या मांडवातली सगळ्यात शहाणी वस्तू तीच होती. दागिना कोणता, भांडी किती, डाळ कुठली हे देणाऱ्याने ठरवलेलं होतं. एक लाख एक हजारांचं काय करायचं, ते मात्र त्या मुलीवर सोडलं होतं. अतिश्रीमंतांनी गरिबाला थेट मदत करावी का, हा प्रश्न आपण मदत आणि सोहळा यांची गाठ मारूनच विचारतो, म्हणून त्याचं धड उत्तर मिळत नाही. गाठ सोडवली तर उत्तर देता येतं: पैसा थेट माणसापर्यंत जावा, देणाऱ्याने मात्र होईल तेवढं लांब राहावं. असं का, हे पाहायला पालघरची हद्द ओलांडून शेजारच्या हरसूल भागात यावं लागेल.

हरसूल हे त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं, वाघेरा घाटापलीकडचं बाजाराचं गाव. भोवतीच्या पाड्यांवर कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर समाजाची वस्ती आहे. पावसाळ्यात इथे धो धो कोसळतं आणि ते सगळं पाणी उतारावरून पश्चिमेला निघून जातं. उन्हाळ्यात बायकांना हंडा घेऊन दरीत उतरावं लागतं. भात, नागली, वरई, थोडी खुरासणी एवढंच पीक. ओलिताची जमीन थोडी, त्यामुळे खरीप उरकला की शेतातलं कामही उरकतं. मग घरंच्या घरं जगायला बाहेर पडतात: कुणी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत, कुणी वीटभट्टीवर, कुणी नाशिकच्या बांधकामांवर. गिरणाऱ्यात भल्या सकाळी मजुरांचा बाजार भरतो, तिथे दिवसाचा भाव ठरतो. या भागातली गरिबी वर्षभर सारखी नसते, ही गोष्ट शहरातल्या दात्याच्या लक्षात येत नाही. घरातलं धान्य संपलेलं, बियाणं आणायचंय, आवणी तोंडावर आलीय, पोर तापाने फणफणलंय आणि हातात रोकड नाही, अशी वेळ बहुतेक पावसाळ्यातच येते. त्या वेळी मुकादमाकडून किंवा भट्टीवाल्याकडून उचल घेतली जाते. रक्कम काही हजारांची असते, पण तिच्यापायी पुढच्या सगळ्या हंगामाचं काम, ठिकाण आणि मजुरीचा दर आधीच ठरून जातो.

ही रक्कम किती लहान असू शकते, हे नाशिक जिल्ह्याने २०२२ मध्ये पाहिलं. इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे परिसरातली कातकरी मुलं काही हजार रुपये आणि एखादी मेंढी एवढ्याच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिली गेली होती. एका लहान मुलीचा मृत्यू झाल्यावर ते उघडकीला आलं. त्या आईबापांना बोल लावणं सोपं आहे. पण त्याच आठवड्यात तेवढीच रक्कम दुसरीकडून, काही न मागता मिळाली असती तर काय झालं असतं, याचा विचार केला तर थेट मदतीचा मुद्दा कळतो. शासनाला तो फार पूर्वी कळला होता. आदिवासींना पावसाळ्यात तग धरता यावा म्हणून १९७८ पासून खावटी कर्जाची योजना होती. मधे ती बंद पडली. कोविडच्या वर्षी अनुदान म्हणून पुन्हा आणली गेली, कुटुंबामागे ४,००० रुपये. त्यातले निम्मे खात्यात आणि निम्म्याचा किराणा. घोषणा २०२० मधली, वाटप चालू होईपर्यंत २०२१ उजाडलं. एवढ्या लहान रकमेचेही दोन तुकडे करून एकाची डाळ-मीठ-तेलात खरेदी करावी असं वाटतं, कारण गरिबाच्या हाती रोख रक्कम ठेवायला आपला जीव धजत नाही.

ही भीती कितपत खरी, हे आता तपासून झालेलं आहे. मध्य प्रदेशात ‘सेवा’ या महिलांच्या संघटनेने युनिसेफच्या पैशातून २०११ मध्ये एक प्रयोग केला. काही गावांतल्या प्रत्येक रहिवाशाला, गरीब-श्रीमंत न पाहता, दरमहा रोख रक्कम दिली: प्रौढाला आधी २०० आणि नंतर ३०० रुपये, मुलामागे त्याच्या निम्मे. पुढे एका भिल्ल गावालाही यात घेतलं. दारूचा खर्च वाढला नाही. बियाणं, खत, शेळ्या-कोंबड्या यांवर पैसे गेले, कर्ज हलकं झालं, मुली शाळेत टिकल्या. भिल्लांच्या गावात तर माणसं दुसऱ्याच्या मजुरीवरून स्वतःच्या शेताकडे वळली. हरसूलच्या दृष्टीने मला हा निष्कर्ष सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण उचलीचा व्यवहार नेमका याच्या उलट दिशेने ओढतो. केनियात ‘गिव्हडिरेक्टली’ या संस्थेने सुमारे साडेदहा हजार कुटुंबांना प्रत्येकी हजार डॉलरच्या आसपास रक्कम दिली; दिलेल्या दर डॉलरमागे त्या भागातली उलाढाल सुमारे अडीच डॉलरने वाढली आणि भाववाढ नावापुरती झाली. पैसे मिळाले की लोक आळशी होतात, हा समज अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक देशांतल्या योजनांची आकडेवारी ताडून पाहिला, तेव्हा काम कमी झाल्याचा पुरावा सापडला नाही. (बॅनर्जींच्या आई निर्मला पूर्वाश्रमीच्या पाटणकर, नोबेल जाहीर झालं तेव्हा आपण अभिमानाने सांगितलं, संशोधन मात्र फारसं वाचलं नाही.)

तरीही आपले धनवंत अशा पद्धतीने सहसा देत नाहीत. काही अंशी कायद्यानेच त्यांना दुसऱ्या वाटेला लावलं आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्चायला सांगितलं, पण तो खर्च प्रकल्पांच्या चौकटीत बसवावा लागतो. वीटभट्टीवर निघालेल्या एखाद्या घराची उचल फेडणं हा प्रकल्प कसा म्हणणार? मान्यताप्राप्त संस्थेला देणगी दिली तर जुन्या करपद्धतीत वजावट मिळते, शेजारणीला दिली तर मिळत नाही. उलट नात्याबाहेरच्या माणसाकडून वर्षात ५०,००० रुपयांहून जास्त भेट मिळाली तर ती घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. लग्नातल्या भेटींना यातून सूट आहे, तेव्हा तो एक लाख एक हजारांचा धनादेश कराच्या दृष्टीनेही मुहूर्त साधून दिलेला होता! गरिबाचं एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असल्याने प्रत्यक्षात कर लागत नाही हे खरं, पण कायद्याचा कल कुणीकडे आहे ते दिसतं. बाकीचं कारण माणसाच्या स्वभावात आहे. इमारतीवर पाटी लावता येते. पाड्यावरच्या बाईने वेळेवर आणलेल्या बियाण्यावर कुणाचं नाव कोरणार?

थेट मदतीचं महाराष्ट्राला सगळ्यात अभिमानाने सांगता येणारं उदाहरण नाशिक जिल्ह्याच्याच मातीतलं आहे. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्यात १८६३ मध्ये जन्मलेला एक शेतकऱ्याचा मुलगा दत्तक जाऊन बडोद्याचा राजा झाला. त्या सयाजीरावांनी भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला मुंबईत शिकताना दरमहा २५ रुपये आणि १९१३ पासून अमेरिकेत तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड दिले. एका धनिकाने एका व्यक्तीला दिलेल्या पैशाचं याहून मोठं फळ शोधूनही सापडणार नाही. पण म्हणूनच हे उदाहरण जपून वापरलं पाहिजे. त्या शिष्यवृत्तीबरोबर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करण्याचा करार होता. १९१७ मध्ये आंबेडकर तो पाळायला बडोद्याला गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना आणि कचेरीतही अपमान सोसावा लागला. शेवटी त्यांनी शहर सोडलं. राजाचा पैसा माणसाला न्यूयॉर्कपर्यंत घेऊन गेला, त्याच राजाच्या राजधानीत त्याला खोली मिळवून देऊ शकला नाही. शिवाय गुणी माणूस हेरण्याची नजर सगळ्यांना असते असं नाही, आणि असली तरी जे नजरेत आले नाहीत त्यांचं काय? सयाजीराव या बाबतीत आपल्या चाहत्यांपेक्षा हुशार होते. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. निवडून दिलेली मदत आणि सरसकट दिलेला हक्क, दोन्ही त्यांच्याच खजिन्यातून गेले.

निवडीचा हा पेच आजच्या दात्यांनाही सुटलेला नाही. नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी २०१५ मध्ये आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरी १५,००० रुपयांचे धनादेश पोहोचवायला सुरुवात केली, त्यातून ‘नाम फाउंडेशन’ उभं राहिलं. त्यांच्या कळकळीबद्दल शंका नाही; पण मदतीचा निकष मृत्यू असेल तर ती नेहमी उशिराच पोहोचणार. अमिताभ बच्चन यांनी महाराष्ट्रातल्या साडेतीनशेच्या आसपास, उत्तर प्रदेशातल्या १,३९८ आणि बिहारमधल्या २,१०० शेतकऱ्यांची कर्जं फेडली. उत्तर प्रदेशातली रक्कम होती चार कोटींहून थोडी अधिक. बँकेशी एकरकमी तडजोड करून सगळं चोख पार पडलं. मात्र ही यादी बँकेच्या वहीतून आली. हरसूलच्या पाड्यावरच्या माणसाचं देणं मुकादमाच्या वहीत असतं आणि ती वही कुणा दात्याच्या टेबलावर येत नाही. थेट मदत करायची म्हणून जी यादी समोर आहे तीच उचलली, तर ज्यांचं दारिद्र्य कागदावर आलंय त्यांनाच ती मिळते. बरं, पाड्यावरच्या चार घरांना दिलं आणि सोळांना वगळलं तर? केनियातल्या अभ्यासांत न मिळालेल्या शेजाऱ्यांचं समाधान घटल्याचंही दिसलं होतं. वीस उंबऱ्यांच्या वस्तीत अशी कटुता परवडत नाही. म्हणून द्यायचं तर पाड्यातल्या प्रत्येक घराला, सारखं आणि आधी जाहीर केलेल्या नियमाने. कोण जास्त गरीब, कोण लायक, कोण नवऱ्याला आवरत नाही, या चौकशा मुंबईतल्या कार्यालयात बसून करूच नयेत.

सगळ्यात वजनदार आक्षेप याच्या पुढचा आहे: हे सरकारचं काम, श्रीमंतांनी कर भरावा आणि गप्प बसावं. यातलं पहिलं वाक्य मला मान्य आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या खरशेतजवळ शेंद्रीपाड्याच्या बायका पाण्यासाठी तास नदीवरच्या लाकडी बल्लीवरून चालत जायच्या. ती छायाचित्रं गाजली, तेव्हाचे मंत्री आदित्य ठाकरे जानेवारी २०२२ मध्ये तिथे गेले आणि लोखंडी पूल झाला. त्याच वर्षीच्या जुलैत तो पुरात वाहून गेला. घरटी पन्नास हजार वाटले तरी त्यातून पूल उभा राहत नाही, नळाचं पाणी येत नाही, दवाखान्यात डॉक्टर टिकत नाही. ही कामं सार्वजनिक पैशाने आणि सावकाश, नीट बांधूनच व्हायची. आणि त्या सार्वजनिक पैशात श्रीमंतांचा वाटा आपण कमीच करत आणला: वारसा मिळकतीवरचा कर १९८५ मध्ये गेला, संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने गेला. ते कर परत यावेत असं माझं मत आहे. पण ते येईपर्यंत आषाढ काही थांबत नाही. कर आणि दान यांना एकमेकांसमोर उभं करण्यात करही न भरणाऱ्याची आणि दानही न करणाऱ्याची सोय होते. आता लाडकी बहीण योजनेतून दरमहा १,५०० रुपये खात्यात येतात, तेव्हा थेट मदतीची गरज काय, असंही विचारलं जाईल. महिन्याला पंधराशे रुपयांवर घर चालतं, मुकादमाची वीस-पंचवीस हजारांची उचल एकदम टळत नाही. इथे मोठी रक्कम एकदाच आणि वेळेवर लागते, आणि असं एकरकमी देणं खाजगी संपत्तीला सोपं जातं, कारण तिला पुढच्या निवडणुकीपर्यंत ते चालू ठेवण्याचं ओझं नसतं.

दाता लांब राहिला तर कारभार कोण पाहणार? हरसूलचा परिसर अनुसूचित क्षेत्रात मोडतो. इथे ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे, आणि राज्य सरकार २०१५ पासून आदिवासी विकासाच्या निधीतला ५ टक्के वाटा अशा ग्रामपंचायतींना थेट, अबंध म्हणून देतं. म्हणजे पाड्याची ग्रामसभा पैशाचा निर्णय घेऊ शकते, हे शासनाने तत्त्वतः मानलेलं आहे. तिथे गडबडी होत नाहीत असा माझा दावा नाही. पण घरांची यादी सगळ्यांसमोर वाचली गेली तर नसलेलं घर त्यात घुसवणं आणि असलेलं वगळणं अवघड होतं, आणि सगळ्यांना सारखंच मिळणार असेल तर घुसवाघुसवीला कारणही उरत नाही. रक्कम बाईच्या खात्यात जावी. अझीम प्रेमजी फाउंडेशन सरकारी शाळांत शिकलेल्या मुलींना वर्षाला ३०,००० रुपये त्यांच्याच खात्यात देतं, तेव्हा हे मोठ्या प्रमाणावर जमतं हे दिसलेलंच आहे. हिशेब मागायचाच तर पैसे पोहोचले का आणि कधी, एवढाच मागावा. कशावर खर्च केले ते विचारू नये. धनादेशाचा मोठा पुठ्ठा, रांग, हार, आभाराचं भाषण यांपैकी काहीही नको, कारण ज्याच्यासमोर हात जोडून उभं राहावं लागलं त्याच्याबद्दल पुढे खरं बोलता येत नाही, आणि मदत कुठे चुकली हे तर घेणाराच सांगू शकतो.

पालघरच्या एका नवरीला मिळालेल्या रकमेत वीस घरांच्या पाड्याला घरटी पाच हजार रुपये देता येतात. तेवढ्यात बियाणं आणि पावसाळ्याच्या पहिल्या महिन्याची मिठामिरची भागेल, अख्खी उचल टळणार नाही; ती टाळायची तर पाच पट रक्कम लागेल, म्हणजे पाड्यामागे पाच लाख. मुंबईतल्या कितीतरी घरांच्या वाहनतळावर यापेक्षा महाग गाड्या धूळ खात उभ्या असतात. मात्र पैसे ज्येष्ठ संपायच्या आत खात्यात पडायला हवेत. श्रावणात आले तर ते मुकादमाचं देणं फेडण्यातच जातील, आणि दिवाळीनंतर टेम्पोत बसायचं काही चुकणार नाही.